ट्रेलर ओढणाऱ्या थारला मागे जाड पाटे घालू की नको? मेन पाटा मोडल्यावर विचारतोय

माळरान_उळे
रविवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण दोन महिन्यांत पैसे गेले, वेळ गेला आणि गाडी आज पुन्हा जॅकवर उभी आहे.

गाडी २०१४ ची थार, जुन्या बांधणीची. मागे पाट्यांची कमान, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. तुळजापूर रोडला उळ्याच्या पुढे माळावर दोन तुकड्यांत मिळून आमची ३०० सीताफळाची झाडं आहेत. यंदा मार्च संपता संपता बोअर आटलं. नऊ किलोमीटरवर मेव्हण्याची विहीर आहे, तिथून पाणी आणतो. एका एक्सलचा छोटा ट्रेलर, त्यावर ५०० लिटरची टाकी, छोटा पंप आणि पाइपाचं भेंडोळं. दिवसाला दोन खेपा. प्रत्येक झाडाला तीन दिवसांनी १० लिटर पडतात, त्यावर झाडं तगून आहेत.

टाकी भरली की गाडीचा मागचा भाग बसायचा. खड्ड्यात चासीखालचा रबराचा ठोकळा हौसिंगवर, म्हणजे मागच्या एक्सलच्या आवरणावर, धाडकन आदळायचा. पहाटे हायवेला समोरचे लोक डिपर मारायचे, कारण माझे हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होते. म्हणून एका गॅरेजात दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे घालून घेतले, दुसऱ्या कुठल्या तरी पिकअपचे. गाडी उचलली गेली, मला बरं वाटलं. पण रिकामी चालवताना मणके ढिले व्हायला लागले. बायकोने आणि आईने गाडीत बसणंच सोडलं. आणि परवा उजव्या बाजूचा मेन पाटा मोडला, पुढच्या डोळ्यापासून, म्हणजे पाट्याच्या वळवलेल्या टोकापासून, साधारण वीतभर अंतरावर.

आणखी एक. पहिल्या तुकड्यात अर्धी टाकी रिकामी करून दुसऱ्याकडे निघालो की साठच्या आसपास ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. जाड पाटे घातल्यावरही तो हलतोच.

आता पूर्ण नवीन हेवी ड्यूटी कमान घालावी असं म्हणतोय. कुणी ट्रेलर ओढण्यासाठी असं काम केलंय का?


चारबायचार_जुळे_सोलापूर
रविवार, रात्री ९.४०

दादा, जाड पाटे काढा. शॅकल (कमानीचं एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी) दोन इंच जास्त लांब घाला, पुढचे टॉर्शन बारचे बोल्ट चार-चार फेरे आवळा. गाडी उंच होईल, ठोकळा आदळणार नाही. माझ्या गाडीला तीन वर्षं तसंच आहे.


कमानवाला
रविवार, रात्री १०.२५

आमचं कमान-पाट्याचंच काम आहे, वडिलांपासून. ट्रक, पिकअप, जीप सगळं येतं. आधी तीन गोष्टी सांगा.

१. मोडलेल्या पाट्याच्या बरोबर खाली घातलेल्या जाड पाट्याचं टोक येत होतं का?
२. कमानीला लोखंडी क्लिपा असतात, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या. त्या पुन्हा बसवल्या का?
३. कमान एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवीन घातले की जुनेच?


माळरान_उळे
सोमवार, सकाळी ७.०५

आत्ता वाकून बघितलं. होय, अगदी जाड पाट्याच्या टोकावरच मोडलाय. मेन पाट्याला तिथं आडवी खाच पडली आहे, नख अडकतं एवढी. क्लिपा नाहीत. पॅक जाड झाला म्हणून बसत नाहीत, असं तेव्हा सांगितलं होतं. यू बोल्ट जुनेच.


कमानवाला
सोमवार, दुपारी २.१०

मग पाटा का मोडला ते कळलं. इथं बरेच जण वाचतात म्हणून नीट लिहितो.

कमान म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पट्ट्या असं लोक समजतात. तसं नसतं. मेन पाटा सगळ्यात लांब, त्याखालचा थोडा आखूड, त्याखालचा आणखी आखूड. आणि प्रत्येक धाकटा पाटा सुटा असताना थोरल्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला असतो. पाट्यांच्या मधोमधचा सेंटर बोल्ट आवळला की धाकटा थोरल्याला टोकाकडून वर ढकलून धरतो. त्यामुळे मेन पाट्यावरचा ताण कमी होतो आणि भार वरपासून खालपर्यंत वाटला जातो. दुसऱ्या गाडीचा पाटा आणून मध्ये कोंबला की हा हिशेब बिघडतो. त्याचा वाक कमी असेल तर तो नुसता वजन वाढवतो, काम करत नाही. वाक जास्त असेल तर सगळा भार एकट्यावर घेतो. तुमचा तर जाड होता आणि आखूडही. तो वाकायला तयार नाही, मग मेन पाटा त्याच्या टोकाशी बिजागरीसारखा वाकत राहिला. टोक चौकोनी कापलेलं असणार, कडा घासून गोल केलेल्या नसणार. त्या कडेने खाच पाडली आणि खाचेतून चीर गेली.

क्लिपांचं काम वेगळंच आहे. चाक खड्ड्यात खाली लोंबतं, तेव्हा खालचे पाटे सुटतात आणि सगळा हिसका एकट्या मेन पाट्यावर येतो. क्लिप असली की बाकीचे भाऊ सोबत येतात. क्लिपा नसताना माळावर गाडी चालवली तर मेन पाटा मोडणारच होता, आज नाही तर दिवाळीला.

यू बोल्ट एकदा पूर्ण ताणले की पुन्हा वापरू नयेत. आटे ताणलेले असतात, धरत नाहीत. आमच्याकडे सेंटर बोल्टच्या भोकातून मोडलेला पाटा आला की आम्ही आधी यू बोल्टच बघतो. दहातल्या आठ-नऊ वेळा ते ढिले असतात.

आणि मोडलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका, कुणीही कितीही स्वस्तात देतो म्हणाला तरी. पाट्याचं पोलाद पाणी देऊन मुरवलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते पाणी उतरतं, शेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो आणि तिथूनच मोडतो. कमान द्यायला भट्टीत लाल करून ठोकतात, त्यालाही हेच लागू. थंड स्थितीत प्रेसवर कमान द्यायची, नाहीतर नवीन पाटा घ्यायचा.


सातरस्ता
सोमवार, रात्री ८.३०

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. कमानवाल्यांनी जे हातानं सांगितलं त्याला आकड्यांची जोड देतो.

पाट्याचा कडकपणा रुंदीच्या पटीत वाढतो, पण जाडीच्या घनात वाढतो. समजा मूळ कमानीत सहा मिलिमीटर जाडीचे सहा पाटे आहेत. त्यात आठ मिलिमीटरचे दोन घातले. माणसाला वाटतं, सहाचे आठ झाले म्हणजे एक तृतीयांश वाढ. हिशेब करून बघा. सहाचा घन २१६, असे सहा म्हणजे १२९६. आठचा घन ५१२, असे दोन म्हणजे १०२४. ढोबळमानानं कमान ७९ टक्के कडक झाली. मणके का ढिले झाले ते यात आलं.

कॉइल स्प्रिंगवाल्यांनी अजून जपावं. तिथं तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. १२ ची तार १३ केली, वेढे आणि व्यास तेच ठेवले, तरी स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. दुकानात दोन्ही स्प्रिंग शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरकसुद्धा कळत नाही.

पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. माळरान, तुमच्या ट्रेलरचा हूकवर किती भार पडतो हे तुम्ही मोजलंय का? गाडी मागून बसते याचा अर्थ स्प्रिंग कमजोर आहे, असा थेट होत नाही. हूक एक्सलच्या मागे असतो. तिथं १०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १०० नाही, त्यापेक्षा जास्त येतात. जादाचे किलो पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. मुलांच्या सी-सॉसारखंच हे. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेकची पकड कमी होते. जाड पाटे घालून तुम्ही मागची बाजू वर उचलता, दिवे सरळ होतात, सगळं ठीक दिसायला लागतं. पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन मात्र परत येत नाही. कितीही कडक स्प्रिंग घाला, ते येत नाही.

आधी वजनकाट्यावर जा. स्प्रिंगचं नंतर ठरवा.


बाराबैली
सोमवार, रात्री ९.१५

वय ७१. नातवानं फोनवर हे वाचून दाखवलं, तोच टाइप करतोय.

बाळांनो, हे आम्ही बैलगाडीत रोज बघत होतो. गाडीत पोती मागं जास्त झाली की गाडी उलाळायची. दांडी वर, जू वर, सापत्या बैलांच्या गळ्याला आवळायच्या. पोती पुढं जास्त झाली की जू खांद्यावर बसायचं, आठवड्यात बैलाचा खांदा सुजायचा. गडी गाडी भरून झाली की जुवाखाली हात घालून उचलून बघायचा. एका माणसाला जोर लावून उचलतं, पण सहज उचलत नाही, असा भार बरोबर. कुणी पुस्तक वाचलं नव्हतं.

तुझी थार म्हणजे बैल. तिचा खांदा सुजलाय आणि तू तिला जाड झूल घालतोयस.

अजून एक. उतरवताना मागचं पोतं आधी उतरवायचं. पुढचं आधी काढलं की रिकाम्या होता होता गाडी उलाळते. तुझी अर्धी टाकी हलते म्हणतोस, त्याचं काय होतं ते बघ.


चारबायचार_जुळे_सोलापूर
सोमवार, रात्री ९.५०

काका, नमस्कार. तुमचं पटलं. पण शॅकल लांब केल्यानं नुकसान काय, ते कुणी सांगेल का? मी खरंच विचारतोय.


सातरस्ता
सोमवार, रात्री १०.४०

विचारलंत ते बरं केलंत.

शॅकल दोन इंच लांब केला की गाडी साधारण एक इंचच उचलली जाते, कारण कमानीचं एकच टोक खाली गेलं. स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहिला, म्हणजे ओझ्याखाली गाडी पूर्वीइतकीच बसणार, फक्त एक इंच वरून बसणार. दुसरं, कमान तिरकी झाल्यामुळे मागचं हौसिंग फिरतं आणि डिफरन्शियलचं नाक वर होतं. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे, म्हणजे सांध्यांचे, कोन मग जुळत नाहीत. ठरावीक वेगाला गाडीत गुणगुण येते आणि क्रॉस लवकर जातात. तिसरं, लांब शॅकल आडवा जास्त डोलतो. मागे ट्रेलर असताना हे डोलणं अजिबात नको.

टॉर्शन बार आवळल्यानं बार कडक होत नाही, फक्त उंची बदलते. मात्र चाक खाली लोंबायला जी जागा होती ती कमी होते आणि पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटायला लागतात.

नुसतं दगडांवरून जायचं असेल तर हे तोटे एखाद्याला चालतीलही. ओझं ओढायच्या गाडीला नको.


चारबायचार_जुळे_सोलापूर
सोमवार, रात्री ११.०२

७० ला गुणगुण येते खरी. मी टायर समजत होतो. या रविवारी खाली झोपून बघतो.


द्राक्षबाग_कासेगाव
मंगळवार, दुपारी १.२०

माझी गाडी जुनी स्कॉर्पिओ, मागे कॉइल आणि शॉक वेगळा. सीझनमध्ये क्रेटचा छोटा ट्रेलर पंढरपूरपर्यंत नेते. मीही आधी कडक कॉइल घालायची चूक केली होती, म्हणून लिहिते.

कॉइल बदलली, शॉक तेच ठेवले. भरलेली गाडी उंच दिसत होती, पण प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर तीन-तीन वेळा हिंदकळायची. मागे ट्रेलरही त्याच तालात हिंदकळायचा. नंतर कळलं की स्प्रिंग दाबली गेली की ती साठवलेला जोर परत फेकते, तो जोर गिळायचं काम शॉकचं. स्प्रिंग कडक केली आणि शॉक दहा वर्षं जुना ठेवला, तर घोडा नवीन आणि लगाम कुजका अशी गत. सर, स्प्रिंग ४० टक्के कडक झाली तर शॉक किती कडक हवा, याचा काही हिशेब असतो का?

शेवटी मी कंपनीच्याच कॉइल परत घातल्या, नवीन शॉक घातले आणि कॉइलच्या आत रबरी हवेच्या पिशव्या बसवल्या. सीझनमध्ये ट्रेलर लावताना हवा भरते, एरवी अगदी थोडी ठेवते. मुलांना शाळेत सोडताना गाडी पूर्वीसारखी मऊ. पण माळरानदादांना हे जसंच्या तसं लागू नाही, पाट्यांना वेगळ्या पिशव्या लागतात. आणि या पिशव्यांची एक कटकट आहे. आपल्या उन्हात दुपारी आणि पहाटे दाब वेगळा दाखवतो, त्यामुळे हवा कायम एकाच वेळेला, गार गाडीत तपासावी लागते.


सातरस्ता
मंगळवार, रात्री ८.०५

ताई, शॉकची गरज स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. १.४ चं वर्गमूळ साधारण १.१८. म्हणजे ४० टक्के कडक स्प्रिंगला सुमारे १८ टक्के जास्त पकडीचा शॉक हवा, त्यातही परत उसळी घेताना धरणारा. नवीन चांगला शॉक तेवढं बऱ्याचदा निभावतो. ७९ टक्क्यांना निभावत नाही.

सगळ्यांसाठी अजून एक. काही गाड्यांच्या मागच्या हौसिंगपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी जाते, तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती बसली आहे यावरून तो व्हॉल्व्ह ओझं ओळखतो आणि त्या मानानं मागच्या चाकांना ब्रेक देतो. तुम्ही कडक पाटे किंवा शॅकल घालून गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीलाही तो मागचा ब्रेक कमी देतो. ज्यांच्या गाडीला हा व्हॉल्व्ह आहे त्यांनी उंची बदलल्यावर त्याची दांडी नव्यानं लावून घेतल्याशिवाय ओझं ओढू नये. हे मी फार कळकळीनं सांगतोय. गॅरेजमध्ये याकडे कुणी बघत नाही.


माळरान_उळे
शुक्रवार, रात्री ९.३०

मंडळी, तुमचं सगळं वाचून आधी कंपनीच्या मापाची नवीन कमान दोन्ही बाजूंना बसवून घेतली. मूळ होते तेवढेच पाटे, क्लिपांसह, नवीन बुश, नवीन यू बोल्ट. आणि आज काट्यावर गेलो. काटेवाल्याला आधी वाटलं मी त्याची गंमत करतोय. एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची, मग ट्रेलर लावून पुन्हा तसंच. समजल्यावर मात्र त्यानंच मदत केली.

काटा १० किलोच्या टप्प्यात दाखवतो.

ट्रेलर नसताना, मी आणि सामान धरून: पुढे ९३०, मागे ८६०.
भरलेला ट्रेलर लावून: पुढे ८७०, मागे १०७०.

हूकवरचा भार वेगळा मोजला. मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडून कांदा तोलायचा काटा आणला, ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून दांडीचं टोक त्यावर टेकवलं. १५० किलो. ट्रेलर, पाणी, पंप सगळं मिळून ८०० किलो आहे.


सातरस्ता
शुक्रवार, रात्री १०.१५

फार छान केलंत. बघा, आकडे कसे जुळतात ते.

तुमच्या गाडीची दोन एक्सलमधली लांबी २.४३ मीटर. हूक मागच्या एक्सलपासून अंदाजे ९५ सेंटिमीटर मागे असेल. ९५ भागिले २४३ म्हणजे ०.३९. १५० किलोच्या ०.३९ पट म्हणजे ५९ किलो पुढून उचलले गेले आणि मागे १५० अधिक ५९, म्हणजे २०९ आले. काट्यानं ६० आणि २१० दाखवले.

१५० म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या जवळजवळ १९ टक्के. साधारण १० टक्क्यांच्या आसपास हवेत, १५ च्या वर नकोत. टाकी एक्सलच्या फार पुढे बसवली आहे. एक्सलपासून हूकपर्यंत ट्रेलरची लांबी किती?

शिवाय ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का? युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्यापुढे लागतातच. तुमचा ८०० आहे.


माळरान_उळे
शुक्रवार, रात्री १०.३२

लांबी २.२ मीटर. ब्रेक नाहीत. टाकी पुढे मीच बसवून घेतली होती, ट्रेलर उलाळू नये म्हणून.


सातरस्ता
शुक्रवार, रात्री १०.५०

मग ५०० किलो पाणी २९ सेंटिमीटर मागे सरकवलं की हूकवरचे सुमारे ६५ किलो कमी होतात. ११ इंच झाले. उरतील ८५.

अर्ध्या टाकीचं कोडंही यातच आहे. भरलेल्या टाकीत पाणी हलत नाही, अर्ध्या टाकीत ते पुढे-मागे धावतं. चढाला आणि वेग घेताना २५० किलो पाणी टाकीच्या मागच्या भिंतीशी जातं, हूक हलका होतो, आणि हलका हूक म्हणजे शेपूट हलणार. काकांचं उलाळणं तेच. एका टाकीऐवजी २५० च्या दोन टाक्या एकामागे एक बसवा. एक पूर्ण रिकामी करा, मग दुसरी. आणि काकांनी सांगितलंय तसं मागची आधी.


बाराबैली
शनिवार, सकाळी ६.४०

मागची आधी. बरोबर.


कमानवाला
शनिवार, दुपारी १२.१५

टाकी सरकवल्यावर पुन्हा मापा, मग पाट्यांचं बोलू. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजायचं, चारही बाजूंनी, रिकामी आणि भरलेली. आणि गाडी दोन-चार वेळा हलवून, कमान मोकळी करून मगच मोजा. पाटे घर्षणानं अडकून बसतात आणि एक-दोन सेंटिमीटर खोटं माप देतात.


माळरान_उळे
पुढचा गुरुवार, रात्री ८.४५

काम झालं. दोन टाक्या बसवल्या, त्यांचा मध्य पूर्वीपेक्षा ११ इंच मागे. हूकवर ८५ किलो. काट्यावर पुढे ९००, मागे ९८०.

आधीच्या जागी टाकी असताना नव्या कमानीवर गाडी ४५ मिलिमीटर बसत होती. आता २६. ठोकळा आदळत नाही. दिवे किंचित वर जातात, ते गाडीतल्या चक्रीनं खाली घेतले. काल पहाटे एकानंही डिपर मारला नाही.

म्हणजे ज्यासाठी मी मेन पाटा मोडेपर्यंत जाड पाटे घातले, त्यातलं निम्म्याहून थोडं कमी दुखणं फक्त टाकी सरकवून गेलं. चिमण्या बसवायला वेल्डरनं ६०० रुपये घेतले. चिमण्या म्हणजे ज्यात टाकीचे बोल्ट बसतात ते कोन. आमच्याकडे तसंच म्हणतात.

आता कमानवाले, मागे दोन माणसं आणि डिझेलचा कॅन असतो तेव्हा अजून थोडी उचल हवी आहे. काय करू?


कमानवाला
पुढचा गुरुवार, रात्री ९.५०

आता पाट्याचा विषय काढायला अर्थ आहे.

दोन रस्ते. पहिला, प्रत्येक बाजूला एकच पाटा वाढवायचा, मूळ जाडीचाच, रुंदीही तीच, लांबी दुसऱ्या आणि तिसऱ्या पाट्याच्या मधली, आणि वाक त्या जागेला जुळणारा. सहाचे सात झाले तर सरांच्या हिशेबानं १७ टक्के वाढ. रिकाम्या गाडीला जाणवेल, पण त्रास देणार नाही.

दुसरा, हेल्पर पाटा. सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा. रिकाम्या गाडीत तो नुसता पडून असतो. गाडी ठरावीक बसली की वरचे पाटे त्यावर टेकतात आणि मग तो कामाला लागतो. रोज घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर हा बरा. तुमच्या घरच्यांनी गाडीत बसणं सोडलंय म्हणता, म्हणून मी हाच सुचवतो.

टोकं गोल घासलेली हवीत. पाट्यांमध्ये ग्रेफाइटचं ग्रीस. यू बोल्ट वाढीव लांबीचे, नवीन. क्लिपा मोठ्या मापाच्या बनवून घ्यायच्या, क्लिपांशिवाय गाडी दुकानातून बाहेर काढायची नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी भरलेली असताना यू बोल्ट पुन्हा आवळायचे. शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जमिनीवर उभी असावी. जॅकवर लोंबत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि फाटतात.

आणि पाट्यानं गाडी वर उचलली म्हणजे तिची वजन न्यायची परवानगी वाढत नाही. आरसी बुकात जे वजन आहे तेच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळे जुनेच असतात. दुकानात लोक मला सांगतात, दोन पाटे टाक, एक टन जास्त भरतो. मी त्यांना परत पाठवतो.


द्राक्षबाग_कासेगाव
पुढचा गुरुवार, रात्री १०.२०

कागदांचंही बघा दादा. ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, मागे नंबर, लाल दिवे, इंडिकेटर. गाडीत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. पाट्याचं काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून ठेवलेलं बरं. माझ्या एका नातेवाइकाच्या अपघातात विम्याच्या माणसानं पहिला प्रश्न हूकबद्दलच विचारला होता.


माळरान_उळे
पुढचा शुक्रवार, सकाळी ७.१५

ताई, ट्रेलरची नोंदणी आहे, दिवेही आहेत. हूक आणि हेल्पर पाट्याबद्दल सोमवारी विचारून येतो. ब्रेकसाठी दांडीत बसणारा ढकल-ब्रेक मिळतो, गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानंच स्वतःचा ब्रेक लावतो. तो बसेपर्यंत टाकी २०० लिटरपर्यंतच भरणार आणि वेग ४० च्या आत. दोन खेपांच्या पाच कराव्या लागतील.


चारबायचार_जुळे_सोलापूर
पुढचा रविवार, दुपारी ४.३०

खाली झोपून बघितलं. मागचा क्रॉस हलतोय, हातानं कळतंय. शॅकल काढून मूळचे घातले. माळरानदादा, मंगळवार-बुधवार मी मोकळा आहे, माझ्या गाडीला हूक नाही पण पाच कॅन बसतात. खेपा वाटून घेऊ.


माळरान_उळे
पंधरा दिवसांनी, रात्री ९.००

आरटीओत आणि विम्याकडे विचारून झालं, मग हेल्पर पाटा बसवला. रिकाम्या गाडीत पाट्यांत बोटभर फट दिसते, भरली की टेकते. नवीन शॉकही घातले. ढकल-ब्रेक बसला. ५०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट आवळायला घेतले, आठही नट साधारण पाव-पाव फेरा फिरले. दोन्ही टाक्या भरून तुळजापूरच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. ट्रेलर हलला नाही. येताना मागची टाकी आधी रिकामी केली, तेव्हाही नाही.

रविवारी आई मागच्या सीटवर बसून शेतात आली. चारबायचार भाऊही होते. वाळलेली समजलेल्या दोन झाडांना खालून फुटवा आलाय.

कमानवाले, पाऊस लागला की ट्रेलर चार महिने उभाच राहणार. त्याच्या कमानीचं काय करायचं?


कमानवाला
पंधरा दिवसांनी, रात्री ९.४०

टाक्या पूर्ण रिकाम्या करा. चासीखाली चारही कोपऱ्यांना दगड किंवा लाकडी ठोकळे देऊन कमानीवरचा भार काढा, चाकं जमिनीला जेमतेम टेकतील इतकंच. काळ्या मातीत उभा करू नका, मुरमावर घ्या, नाहीतर श्रावणापर्यंत एक बाजू रुतून ट्रेलर पिळलेला सापडेल. पाट्यांना जुनं इंजिन ऑइल फासू नका, त्यात धूळ चिकटून पाटे घासतात. ग्रेफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. मोडलेला मेन पाटा टाकून दिला नसेल तर घेऊन या. खाचेची जागा दुकानातल्या पोरांना दाखवायची आहे.